संग्रहालयात कधीच न येणारी माणसं आणायची असतील तर पोस्टर सगळ्यात शेवटी छापा

ठाणे आणि नवी मुंबईत छोटी छोटी संग्रहालयं बरीच आहेत, कुठे कॉलेजमधलं एखादं दालन, कुठे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मांडलेला संग्रह, कुठे ट्रस्टची गॅलरी. ती चालवणारी मंडळी मनापासून काम करतात, पण नवीन लोक आणायचे म्हटलं की सगळीकडे क्रम तोच. आधी प्रमुख पाहुणे ठरतात, मग बॅनर, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड, मग उद्घाटन. त्या दिवशी गर्दी होते, दुसऱ्या दिवसापासून परत तीच पाच-दहा ओळखीची तोंडं, आणि मीटिंगमध्ये निष्कर्ष निघतो की "आपल्या लोकांना इंटरेस्टच नाही".

इंटरेस्ट असतो हो. हीच माणसं तलावपाळीवर तासन्‌तास बसतात, देवळातल्या दगडी मूर्तीबद्दल तावातावाने बोलतात, गावच्या जत्रेला रात्रभर जागतात. संग्रहालयात त्यांना तीन गोष्टी दिसत नाहीत: सोबत, मोकळेपणा, आणि आपल्याला करण्यासारखं काही. या तीन गोष्टी आधी तयार करायच्या आणि मगच बोलवायचं, एवढाच क्रम आहे. खाली तो टप्प्याटप्प्याने देतोय. तुमच्याकडे दोन-तीन माणसांचा स्टाफ आहे आणि बजेट जवळपास नाही असं धरून लिहिलंय. पहिल्या टप्प्यापासून प्रत्यक्ष भेटीच्या दिवसापर्यंत दहा-बारा आठवडे हाताशी ठेवा, त्याच्या आत उरकायला गेलात तर दुसरा आणि तिसरा टप्पा गाळला जातो आणि नेमके तेच दोन महत्त्वाचे आहेत.

टप्पा १: एकच गट निवडा

"सर्वसामान्य नागरिक" हा गट नाही. "तरुणाई" हा पण गट नाही. दिवाळे कोळीवाड्यातल्या मासे विकणाऱ्या बायका हा गट आहे, कोपरखैरण्यातली माथाडी कामगारांची कुटुंबं हा गट आहे, घोडबंदर रोडच्या टॉवरमधले रात्रपाळीचे वॉचमन हा गट आहे, लोकमान्य नगरमधला एखादा महिला बचत गट हाही गट आहे. गट बरोबर निवडलाय का हे बघायची माझी कसोटी सोपी आहे, ही माणसं मंगळवारी दुपारी चार वाजता कुठे असतात हे सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर गट अजून फार मोठा आहे, आणखी बारीक करा.

दुसरी कसोटी म्हणजे तुमच्या संग्रहातल्या निदान एका वस्तूशी त्यांचं नातं हवं. जाळं, वल्हं, धान्याची मापं, जातं, मिठागरातली अवजारं, गिरणीतला बिल्ला, जुनं रेल्वे तिकीट, काहीही चालेल. ठाण्यात प्रत्येक जण १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीपासून सुरुवात करतो. ती गोष्ट अभिमानाची आहेच, पण ती सगळ्यांची आहे, कोणा एकाची नाही, आणि कधीच न येणारा माणूस "सगळ्यांसाठी" असलेल्या गोष्टीसाठी घरातून उठत नाही.

*सावधान:* शाळेच्या सहली या कामात धरू नका. मुलं बाईंनी आणलं म्हणून येतात, रांगेत फिरतात, रांगेत जातात. सहली जरूर घ्या, त्यांचा हिशोब मात्र वेगळा ठेवा, नाहीतर आकडा फुगतो आणि आपलं काम जमलं असं उगाच वाटत राहतं.

टप्पा २: त्यांच्याकडे जा, आणि ऐका

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे आणि तो जाऊ द्या.

जाताना फॉर्म नेऊ नका, साधी वही न्या. "तुम्हाला संग्रहालयात यायला आवडेल का" हा प्रश्न विचारूच नका कारण समोरचा माणूस सभ्यपणे "हो, येऊ की" म्हणतो आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग नसतो. त्याऐवजी हे विचारा:

- मागच्या सुट्टीला कुठे गेला होतात? कोणाबरोबर?
- जायचं कोणी ठरवलं?
- येण्याजाण्याचा, खाण्याचा खर्च किती झाला?
- तिथे कंटाळा कशाचा आला?
- आठवड्यातला कुठला दिवस जरा हातात असतो?
- घरात जुनी एखादी वस्तू आहे का, जी टाकवत नाही?

शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा. तोपर्यंत गप्पा सुरू झालेल्या असतात आणि मग वेळ लागत नाही, कोणी सासूचं धान्य मोजायचं मापटं आठवतं, कोणी वडिलांचा गोणी उचलायचा लोखंडी आकडा.

हे प्रश्न असेच का, त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात मॅरिलिन हूड या संशोधिकेने संग्रहालयात न येणाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये तो मांडला. मोकळ्या वेळेकडून लोकांच्या सहा अपेक्षा असतात असं तिने धरलं होतं: माणसांसोबत असणं, वेळ सार्थकी लागणं, अवघडल्यासारखं न वाटणं, नवीन अनुभव, शिकायला मिळणं आणि स्वतः भाग घेणं. नेहमी येणाऱ्यांना सार्थकी लागणं, नवीन अनुभव आणि शिकणं हे महत्त्वाचं वाटतं. कधीच न येणाऱ्यांना सोबत, मोकळेपणा आणि स्वतः काही करायला मिळणं. आणि वर्षातून एखाद्या वेळी येणारे लोक आवडीनिवडीत नेहमीच्यांपेक्षा न येणाऱ्यांच्या जास्त जवळचे निघाले. आता आपली पोस्टरं आठवून बघा, सगळीकडे "ज्ञानात भर", "अमूल्य ठेवा", "अवश्य लाभ घ्यावा". म्हणजे जे आधीच येतात त्यांनाच आपण परत परत बोलावतोय.

याच फेऱ्यांमध्ये तुम्हाला दुवा शोधायचाय, म्हणजे जिने म्हटलं "चला गं" की दहा जणी उठतात अशी ताई किंवा मावशी. ती बचत गटाची अध्यक्षच असेल असं नाही, कधी भजनी मंडळात पेटीवर बसणारी असते, कधी भिशी चालवणारी, कधी अंगणवाडीची मदतनीस. पुरुषांच्या गटात मंडळाचा मांडव उभारणारा दादा बघा, भाषण करणारा नव्हे. नगरसेवकाच्या ऑफिसमधून माणसं मिळतील आणि एका दिवसात मिळतील, पण ती कार्यक्रमाला आलेली असतील, संग्रहालयाला नाही.

*तपासा:* वहीत दहा वेगवेगळ्या माणसांची उत्तरं आहेत? त्यांना सोयीचा दिवस आणि वेळ कळली? दुवा कोण ते ठरलं? तीनही "हो" असतील तरच पुढे जा.

टप्पा ३: गेटपासून बाकड्यापर्यंत चालून बघा

त्या दुव्यालाच एकदा चहाला बोलवा आणि तिच्या मागे मागे चाला. तुम्ही बोलायचं नाही, रस्ता दाखवायचा नाही. ती कुठे थांबते, कुठे आवाज बारीक करते, कुठे पदर सावरते ते फक्त बघा.

पहिली अडचण पत्त्यात येते. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर लिहून आपण मोकळे होतो, पण शेअर रिक्षावाल्याला प्लॉट नंबर सांगून बघा. त्याला शाळा, मार्केट, देऊळ, हॉस्पिटल कळतं. ठाण्यात स्टेशनला पश्चिमेला उतरून सॅटिसखालून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखालून, बाहेर पडलं की बस कुठली आणि रिक्षाची लाईन कुठली हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

दुसरी अडचण गेटवरचं पहिलं वाक्य. बहुतेक ठिकाणी ते "कुठे?" असतं. एवढ्या एका शब्दाने माणूस परत फिरतो, हे मी अतिशय गंभीरपणे सांगतोय, कारण ज्याला आयुष्यभर सोसायटीच्या, बँकेच्या, ऑफिसच्या गेटवर हा शब्द ऐकायला लागलाय त्याला पुढचं सगळं त्यातच कळतं. वॉचमनदादांना शिकवायचं वाक्य: "या, आत या, वर पहिल्या मजल्यावर आहे."

तिसरी अडचण रजिस्टर. नाव, पत्ता, मोबाईल, सही, अभिप्राय. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांना पहिल्याच मिनिटाला चारचौघात पेन हातात देऊन आपण त्यांची परीक्षा घेतो. टेबलावर बसणाऱ्याने स्वतः विचारून लिहावं, किंवा नुसत्या रेघा मारून माणसं मोजावीत. अभिप्राय वही ठेवायची तर बाहेर पडायच्या दाराशी ठेवा.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगतो. बायकांचं टॉयलेट उघडं, पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं हवं, आणि ते कुठे आहे हे न विचारता दिसलं पाहिजे. पिण्याचं पाणी. पिशवी ठेवायला जागा आणि ठेवलेल्या पिशवीचा बिल्ला. प्रत्येक दालनात निदान एक बाकडं, पाठ टेकता येणारं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू आहे, तेव्हा रॅम्प ही मेहेरबानी नाही, आणि रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी द्या, त्यापेक्षा उभा केलात तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा जीव जातो.

*सावधान:* "शांतता राखा", "हात लावू नये", "फोटो काढण्यास मनाई" या तीन पाट्या दारातच एकाखाली एक असतील तर आधी त्या काढा. हात लावायचा नाही ते त्या त्या वस्तूपाशी लिहा, कारणासकट: "घामाने पितळ काळं पडतं, म्हणून लांबून बघूया."

टप्पा ४: दिवस, वेळ आणि तिकीट

वेळ ठरवताना स्टाफची सोय बघितली जाते, गटाची नाही, आणि बहुतेक प्रयत्न इथेच बुडतात. मासे विकणाऱ्या मावशींचं उदाहरण घ्या. रविवार, बुधवार, शुक्रवार हे धंद्याचे दिवस, तेव्हा त्यांना बोलावणं म्हणजे त्यांची कमाई बुडवणं. सोमवारी, गुरुवारी गिऱ्हाईक कमी, म्हणजे त्यांना सोमवार सोयीचा, आणि सोमवारी तुमचं संग्रहालय बंद! मग महिन्यातला एक सोमवार उघडा आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. कारखान्यातल्या कामगारांची साप्ताहिक सुट्टी पण सगळीकडे रविवारीच नसते, एरियाप्रमाणे बदलते, तेव्हा विचारूनच ठरवा.

वर्षाचं कॅलेंडरही असंच बघा. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, सगळे त्याच दिवशी कार्यक्रम ठेवतात, पण मे महिन्यात कोकणातली आणि सातारकडची निम्मी कुटुंबं गावाला असतात. गणपतीत कोकणवाले परत गावाला. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, त्या घरांमधल्या पुरुषांना तेव्हा थोडा वेळ असतो, पण पाऊस असतो, म्हणजे यायची सोय बघावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बऱ्याच गटांना बरा पडतो.

तिकिटाबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज आहे की फुकट केलं की गरीब माणूस येतो. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांनी डिसेंबर २००१ मध्ये प्रवेश फुकट केला, भेटींची संख्या भरपूर वाढली, पण येणारा वर्ग मात्र फारसा बदलला नाही. वीस रुपये तिकीट ठेवा किंवा ठेवू नका, खरा खर्च रिक्षाचा आणि बुडालेल्या वेळेचा असतो. म्हणून तिकीट माफ करून "सवलत दिली" असं सांगत बसण्यापेक्षा कोळीवाड्यातून येण्याजाण्याच्या टेम्पोचे पैसे द्या.

टप्पा ५: पाच वस्तू निवडा आणि लेबलं नव्याने लिहा

सगळा संग्रह दाखवायचा मोह आवरा. पायाचे तुकडे पडतात, मान अवघडते आणि मग काहीच दिसेनासं होतं, याबद्दल बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिल्मनने १९१६ मध्येच फोटो काढून दाखवलं होतं की लेबल वाचायला माणसाला किती वाकायला, बसायला लागतं. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी पाच वस्तू पुष्कळ. बाकीचं दालन उघडं असू द्या, ज्याला फिरायचं तो फिरेल.

पाचपैकी दोन वस्तू गटाच्या ओळखीच्या असाव्यात, दोन ओळखीच्या पण वेगळ्या रूपातल्या, आणि एक अगदी नवीन. ओळखीच्यापासून सुरुवात करा. मावशीला डोल जाळ्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि ते तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

आता लेबल. आपल्याकडची नेहमीची लेबलं अशी असतात:

"धान्यमापन पात्र. पितळ. अंदाजे १९ वे शतक. संग्रह क्र. ११२."

हे नोंदवहीसाठी ठीक आहे. समोर उभ्या असलेल्या बाईसाठी असं लिहा:

"हे मापटं. अशी दोन भरली की एक शेर, आणि चार शेर म्हणजे पायली. किलो येण्याआधी तांदूळ असाच मोजून द्यायचे. वजनमापाचा नवा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी मापटं काही लगेच घरातून गेलं नाही. तुमच्या घरी आज तांदूळ कशाने मोजतात?"

बघा, काळ आला, वापर आला, कायदा आला, आणि शेवटचा प्रश्न तिला सोबतच्या बाईशी बोलायला लावतो. लेबल वाचून झाल्यावर दोन माणसं एकमेकांशी बोलली तर लेबल जमलं. वाचून गप्प पुढे गेली तर परत लिहा.

लिहिताना हे सांभाळा:

- एका लेबलात पन्नास-साठ शब्द, त्यापुढे नाही.
- अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. चाळिशीनंतर चष्मा घरी विसरलेली माणसंच जास्त असतात.
- लेबल जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरच्या पट्ट्यात.
- कापड आणि कागदावर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवायचा असतो, नाहीतर रंग उडतो. म्हणून तिथे अंधुक वाटतं. लेबलला वेगळा छोटा दिवा द्या, वस्तूवर उजेड वाढवू नका.
- कोळी, आगरी घरात त्या वस्तूला जो शब्द आहे तो आधी, पुस्तकी शब्द हवाच असेल तर नंतर.
- लेबल छापण्याआधी दुव्याला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे "म्हणजे?" विचारेल ते वाक्य बदला.

*सावधान:* हाताळायला द्यायच्या वस्तू वेगळ्या ठेवा. संग्रहात नोंद झालेली वस्तू कितीही साधी वाटली तरी हातोहात फिरवायची नाही. जुन्या बाजारातून एक जातं, एक मापटं, जाळ्याचा तुकडा, जाळं विणायची सुई असं विकत घ्या आणि त्याचा हाताळणी संच करा. तो झिजला तर झिजू दे.

टप्पा ६: घरातल्या वस्तू मागत असाल तर कागद आधी

लोकांच्या घरातली वस्तू पंधरा दिवसांसाठी मांडली की त्या घरातली माणसं हमखास येतात, शेजारपाजार घेऊन येतात. ही युक्ती सगळ्यात चालणारी आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं पण इथेच होतात, त्यामुळे क्रम चुकवू नका.

आधी वस्तूचे चार बाजूंनी फोटो. मग साध्या मराठीत पावती: कोणाची वस्तू, काय अवस्थेत आहे, कुठे चिर किंवा पोचा आहे, कुठल्या तारखेला परत. दोन प्रती, दोघांच्या सह्या किंवा अंगठे. मगच वस्तू हलवायची. परत करायच्या तारखेला तुम्ही स्वतः घरी नेऊन द्यायची, "येऊन घेऊन जा" म्हणायचं नाही. सोनं, चांदी, पैसे, मूळ जमिनीचे कागद घेऊच नका, कागदाचा फोटो काढून मूळ तिथल्या तिथे परत द्या.

कोणी शेतात किंवा पाया खणताना मिळालेली मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) किंवा गधेगाळ (शाप कोरलेला दानाचा दगड) घेऊन आलं तर ती ठेवून घेऊ नका. ठाणे परिसरात शिलाहार राजांच्या काळातले असे दगड निघतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या शिल्पाला नियम लागू होतात, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरातत्त्व खात्याला कळवा आणि ज्याने आणलं त्याला तसं स्पष्ट सांगा, त्याच्यावर संशय घेतल्यासारखं न बोलता.

टप्पा ७: आपली माणसं तयार करा

वॉचमन, तिकीट टेबल, सफाईच्या ताई आणि दोन वॉलंटियर, एवढ्यांना एकत्र बसवून दीड तास द्या. सफाईच्या ताईंना वगळू नका, टॉयलेट कुठे आहे हे लोक त्यांनाच विचारतात.

वॉलंटियरला एकच गोष्ट घोटून घ्यायला लावा: आधी विचार, मग सांग. "हे काय असेल?" नाही, तो शाळेतला प्रश्न झाला. "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असं. समोरच्याने सांगितलेलं चुकीचं वाटलं तरी लगेच खोडायचं नाही, कारण पुष्कळदा ते चूक नसतं, त्या गावची पद्धत वेगळी असते. नवीन माहिती मिळाली तर त्याच्यासमोरच लिहून घ्यायची. माणसाचं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो, आणि तो खरा असतो.

बोलताना मावशी, काका, ताई, दादा. "मॅडम", "सर" म्हटलं की अंतर पडतं.

टप्पा ८: बोलावणं

आता, आणि आत्ताच. बोलावणं तोंडी हवं, दुव्याच्या तोंडून, सात-आठ दिवस आधी, आणि आदल्या संध्याकाळी एकदा आठवण. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर पीडीएफ नको, दुव्याच्या आवाजातला तीस सेकंदाचा व्हॉइस मेसेज पाठवा. त्यात चारच गोष्टी: कधी, गाडी कुठून सुटणार, किती वाजता घरी परत, आणि चहा आहे. परत यायची वेळ सांगायला अजिबात विसरू नका, स्वयंपाक, पाणी यायची वेळ, मुलांचा क्लास हे सगळं त्यावर ठरतं.

बारा ते पंधरा जण पुरे. जास्त झाले की टोळके पडतात आणि मागचा माणूस भिंतीला टेकून मोबाईल काढतो. आणि पोस्टर? छापायचंच असेल तर आता छापा आणि त्यांच्या वस्तीत लावा, त्यावर इमारतीचा फोटो नको, त्यांच्या ओळखीच्या वस्तूचा हवा.

*सावधान:* प्रमुख पाहुणे नकोत, सत्कार नकोत, दीपप्रज्वलन नको. पाहुणे आले की खुर्च्यांच्या रांगा आल्या आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते मागच्या रांगेत गेले.

गट काही केल्या येऊ शकत नसेल तर उलटं करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने बसमध्येच फिरतं संग्रहालय केलंय आणि ते शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये जातं. तुम्हाला बस परवडणार नाही, पण हाताळणी संच एका ट्रंकेत घालून हळदीकुंकवाला, भोंडल्याला, मंडळाच्या मांडवात नेता येतो. तिथे एक तास बसा आणि उठताना पुढच्या तारखेची गाडी सांगून या.

टप्पा ९: भेटीचा दिवस

दीड तासापेक्षा जास्त नको.

पहिली पंधरा मिनिटं पाणी, टॉयलेट, बसणं. भाषण नाही. मग पाच वस्तू, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, गोल करून, शक्य तिथे बसून. मध्येच कोणी घरची गोष्ट सुरू केली तर थांबवू नका, वस्तू एखादी कमी झाली तरी चालेल. त्यानंतर हाताने काहीतरी: जाळ्याचा एक फासा विणून दाखवणं, मापट्याने तांदूळ मोजून वजनकाट्यावर घालून बघणं, जात्यावर मूठभर दळणं. इथे शिकवणारी त्यांच्यातलीच असली पाहिजे, वॉलंटियर शिकणारा. मग चहा, त्याच दालनाच्या बाहेर, संग्रहापासून लांब, म्हणजे मुंग्या-झुरळांचा त्रास नाही.

लहान मुलं येणारच. त्यांना कोपऱ्यात वेगळं बसवू नका, नाहीतर आई तिथेच अडकते. खडू आणि कागद द्या, समोरची वस्तू काढू दे.

फोटो काढू द्या, ग्रुप फोटो तुम्ही काढा आणि त्याच संध्याकाळी दुव्याला पाठवा. तुमच्या पेजवर टाकायचा असेल तर आधी विचारा, आणि "वंचित महिलांना संग्रहालय दर्शन" असं काही कृपा करून लिहू नका, त्या बायका ते वाचतात.

*तपासा:* निघताना कोणी "परत कधी?" किंवा "आमच्या ह्यांना आणलं तर चालेल का?" असं विचारलं का? विचारलं नसेल तर वहीत नोंद करा की गप्पा कुठल्या वस्तूपाशी थंड पडल्या. ती वस्तू पुढच्या वेळी बदला.

टप्पा १०: पुढचे दोन महिने

तीन दिवसांत दुव्याकडे जाऊन या, फोन नको, समक्ष. काय आवडलं यापेक्षा कंटाळा कुठे आला ते विचारा. त्यांनी सांगितलेले शब्द, माहिती लेबलात घाला आणि खाली लिहा "ही माहिती दिवाळे गावातल्या मावशींकडून". नाव घालायचं तर त्यांना विचारून. महिन्याभरात दुसरी भेट ठेवा, तेव्हा गाडीचे पैसे निम्मे तुमचे, निम्मे त्यांचे, असं आधीच बोलून घ्या. तिसऱ्या वेळी त्या आपापल्या येतील किंवा येणार नाहीत, आणि नाही आल्या तर बहुतेक वेळा कारण टप्पा ४ मध्ये सापडतं, दिवस किंवा वेळ चुकलेली असते.

मोजायचं तर एकूण माणसं मोजू नका. तीन आकडे ठेवा: गटातले किती जण दुसऱ्यांदा आले, किती जण तुमची गाडी नसताना आले, आणि त्यांनी सोबत आणलेली नवीन माणसं किती. हे आकडे लहान असतील, पाच-सात असतील, ट्रस्टच्या मीटिंगमध्ये कोणी नाक मुरडेल, तरी तेच मांडा आणि शेजारी उद्घाटनाचा आकडा लिहू नका.

दुसरा गट घ्यायची घाई सहा महिने करू नका. घ्याल तेव्हा पहिल्या गटासाठी उघडलेला सोमवार बंद करू नका, आणि नवीन गटाच्या पहिल्या भेटीला जुन्या गटातल्या दोघीतिघींना यजमान म्हणून बोलवा, चहा त्यांच्या हातून द्या, आणि मापट्यापाशी त्यांनाच उभं करा.